मेली कशी, ते विचारू नये

भेटायची वेळ रात्री साडेनऊ, जागा साताऱ्याचा राजवाडा, आणि अट एकच : लहान मुलं नकोत.

अट घालणारा माझा शाळेपासूनचा मित्र. इतिहासाचा शिक्षक म्हणून निवृत्त झाला आणि आता आल्यागेल्याला गाव दाखवत हिंडतो. दिवसा दाखवून कंटाळला, म्हणून मार्गशीर्षात त्यानं ही टूम काढली. पहिल्या रात्री सातारा, दुसऱ्या रात्री सांगली. जिथं जिथं ‘आहे’ म्हणतात तिथं चालत जायचं, उभं राहायचं, गोष्ट ऐकायची. इंग्लंडातल्या यॉर्क गावात अशा फेऱ्या १९७३ पासून निघतात. काळा झगा घातलेला वाटाड्या, हातात कंदील, मागं तिकीट काढलेली माणसं. एडिंबरोत तर काही फेऱ्यांना अठरा वर्षांखालच्यांना घेतच नाहीत.

“तिकडं रक्तपात सांगतात म्हणून बंदी,” मी म्हटलं. “तुझ्याकडं काय आहे?”

“पोरं असली की भूत दाखवावं लागतं,” तो म्हणाला. “तू ये तर.”

आम्ही तिघंच निघालो. तिसऱ्या त्याच्या वहिनी. तीस-एक वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स, त्यातली बहुतेक बाळंतिणींच्या वॉर्डात. भुतांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. त्यांच्या पिशवीत कानटोप्या, चहाचा थर्मास आणि पावशेर कंदी पेढे होते. झगा कुणाकडेच नव्हता.

निघण्याआधी मित्रानं वर्गात सूचना द्यावी तशी सूचना दिली : मी कुणाला आवाहन करणार नाही, मंत्र पुटपुटणार नाही. भूत बोलावण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. तो हसत म्हणाला, पण थट्टा नव्हती. या कायद्यासाठी आयुष्य घातलेला माणूस याच गावचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर १९४५ साली साताऱ्यात जन्मले, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकले, मिरजेत डॉक्टर झाले, त्या सगळ्या काळात कबड्डी खेळले आणि १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि अनेक वर्षं अडलेल्या कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला. अंत्यसंस्कार साताऱ्यातच झाले, कुठल्याही धार्मिक विधीशिवाय. चिता मुलीनं पेटवली. म्हणजे आम्ही दोन रात्रींत जो सातारा-सांगली रस्ता धरणार होतो, तो त्यांच्या विद्यार्थिदशेतला एसटीचा रस्ता. भुतांच्या फेरीला याहून अवघड गाव सापडणार नाही.

* * *

पहिला टप्पा चार भिंती. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची ही वास्तू प्रतापसिंह महाराजांनी बांधली, दसऱ्याची मिरवणूक राजस्त्रियांना वरून दिसावी म्हणून. आता ते हुतात्म्यांचं स्मारक आहे. खाली गावाचे दिवे, वर किल्ल्याचा काळा ढीग, कुत्री भुंकत होती. चढण संपता संपता एक दुचाकीवाला थांबला आणि म्हणाला, “वर नका जाऊ हो, बिबट्या उतरतोय.” हा त्या रात्रीचा पहिला खरा शहारा. बिबट्याबद्दल कुणी ‘म्हणतात’ म्हणत नाही.

मित्रानं टॉर्च बंद केला आणि एप्रिल १७०० ची गोष्ट सांगितली. औरंगजेबाचा वेढा होता. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. पहिला उडाला तेव्हा किल्ल्याचे हवालदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले. देवीच्या देवळाजवळचे दगड उपसले तर माणूस जिवंत निघाला. दुसरा सुरुंग उलटा फुटला. तटाचा मोठा भाग बाहेरच्या अंगाला, चढाईसाठी गोळा झालेल्या मोगल सैन्यावर कोसळला आणि सुमारे दोन हजार माणसं जागच्या जागी चेंगरली.

“दोन हजार,” मित्र म्हणाला. “परमुलखात, अचानक, क्रियाकर्माशिवाय. आपल्या शास्त्राप्रमाणं हा अख्खा डोंगर भुतांनी भरायला हवा. मी साठ वर्षं या गावात आहे. त्यांतल्या एकाचंही भूत मला कुणी सांगितलेलं नाही.”

तिथून गेंडामाळ. ही रात्र वाढत चालली तसा माझ्या लक्षात त्याचा डाव येऊ लागला होता. छत्रपतींची गादी खालसा झाली १८४८ साली. त्याआधी पदच्युत प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथं सुमारे चौदा वर्षं दारं ठोठावत राहिले. रिकाम्या हातानं परतले आणि उठावाच्या तयारीला लागले. १८५७ मध्ये कट फुटला. ८ सप्टेंबरला या गेंडामाळावर सतरा जणांना मारलं : पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी, सहा जणांना गोळ्या. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. खुद्द रंगो बापूजी इंग्रजांना कधीच सापडले नाहीत. कुठं गेले, कधी वारले, कुणाला ठाऊक नाही.

तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसाचं मागं काय उरतं? मृतदेह घरच्यांच्या हाती लागत नाही, मग पिंड कशाला, कावळा कशाला? पिशाच्चयोनीसाठी लागतं ते सगळं इथं आहे. आणि भूत नाही. स्मारक आहे, ८ सप्टेंबरला फुलं वाहिली जातात.

“मग साताऱ्यात भूत आहे कुठं?” मी थोडा वैतागून विचारलं. थंडी वाजत होती.

* * *

ती होती. एका बोळाच्या तोंडाशी, पिंपळाखाली, एका बुजवलेल्या आडाशेजारी, तिकटीवर. नकाशावर ज्यांना नाव नाही अशा जागा. रिक्षावाल्याला विचारलं की तो लगेच सांगतो : “ह्या पिंपळावर मुंजा हाय.” कोण मुंजा, कधीचा, त्याला माहीत नसतं. मित्राला व्याख्या माहीत होती. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा. म्हणजे वय आठ ते बारा-पंधरा. पटकी, देवी, नवज्वर, साप, आड.

पिंपळाच्या पारावर बसून आम्ही चहा प्यालो. मित्र एकेक प्रकार सांगू लागला. गर्भारपणात किंवा बाळंतपणात मेलेली ती हडळ, कोकणात अलवंतीण. नवरा मागं ठेवून, इच्छा मनात ठेवून गेलेली सवाष्ण ती जखीण. पाण्याकाठी राहणाऱ्या आसरा. ब्राह्मण मेला की ब्रह्मसमंध, मुसलमान मेला की खवीस. जात मेल्यावरही सुटत नाही. वाट चुकवतो तो चकवा. त्याचा आवाज वर्गातला होता. वहिनी पेढ्याचा कागद घडी घालत ऐकत होत्या. हडळीपाशी त्यांनी त्याला थांबवलं.

“ती मेली कशी?”

“म्हणजे? बाळंतपणात.”

“बाळंतपणात म्हणजे कशानं? रक्त गेलं, जंतू झाले, की झटके आले?”

मित्राकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. हडळीचे पाय उलटे असतात, केस मोकळे असतात, पाठ पोकळ असते, हे मला पाचव्या वर्षापासून पाठ होतं. ती कशानं मेली हे आजीला विचारल्याचं आठवत नाही. विचारलं असतं तर आजीनं विषय बदलला असता.

मग वहिनी बोलल्या, आणि फेरीचा वाटाड्या तिथं बदलला. त्या सांगत होत्या ते काही भयकथेच्या आवाजात नव्हतं. ड्युटी बदलताना पुढच्या बाईला पेशंट सोपवावा तसं होतं. दिवस भरत आलेल्या बाईचा रक्तदाब चढतो, पायांवर, तोंडावर सूज येते, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. कुणी बघितलं नाही तर एक दिवस झटका येतो. डोळे फिरतात, दातखीळ बसते, तोंडाला फेस. शुद्धीवर आली तरी बडबडते, माणसं ओळखत नाही. “आता हे घरातल्यांनी पाहिलं की ते काय म्हणणार? धरलंय म्हणणार. देवऋषाकडं नेणार. अंगारा, उतारा, कधी कधी मार. आमच्याकडं येईपर्यंत दोन दिवस गेलेले असायचे. मॅग्नेशियमचं इंजेक्शन साधं आहे, वेळेत मिळालं तर. मेली की तीच गावाची हडळ. म्हणजे जितेपणी भूत लागलं म्हणून मेली, आणि मेल्यावर भूत झाली.”

बाळंतीण गेली की स्मशानातून परतताना वाटेवर राळे नाहीतर मोहरी फेकत यायची रीत होती. ती येईल, दाणे वेचत बसेल, तोवर उजाडेल. उंबऱ्यात खिळा ठोकायचा. हे मी लोकसंस्कृती म्हणून वाचलं होतं, लेखांत वापरलंही होतं. वहिनींना त्यात वेगळंच दिसलं. “एवढी भीती का? कारण सगळ्यांना माहीत असायचं, की हिला वाचवता आलं असतं. निदान बैल जुंपता आले असते.”

पाचवीच्या रात्रीचंही त्यांनी असंच उलगडलं. पाचव्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहिते, म्हणून जागायचं. नाळ मातीच्या विळ्यानं कापली, वर शेण किंवा राख लावली, की बाळाला धनुर्वात व्हायचा, आणि तो दिसायचा साधारण चौथ्या दिवसापासून पुढच्या आठ-दहा दिवसांत. मूल पिणं सोडायचं, ताठ व्हायचं. जागरण नेमकं त्याच दिवसांत घातलेलं आहे. मातेला दोन टोचण्या आणि स्वच्छ पातं, एवढ्यावर ते थांबलं. २०१५ मध्ये माता-अर्भकांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. वहिनींच्या नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी तशी बाळं पाहिली होती. शेवटच्या काही वर्षांत एकही नाही. “सटवाई रिटायर झाली,” त्या म्हणाल्या, “माझ्याबरोबरच.”

आसरांबद्दल आम्ही त्यांना विचारलं नाही. आडाकडे बघून त्या आपणहून एवढंच म्हणाल्या, “पाय घसरला, असंच लिहितात कागदावर.” आमच्याकडे त्याला ‘विहीर जवळ केली’ असा शब्द आहे. फार मऊ शब्द आहे.

* * *

रात्री बारा वाजता रिक्षा करून माहुलीला गेलो. कृष्णा-वेण्णेचा संगम, गावापासून पाचेक किलोमीटर. साताऱ्याची कैलास स्मशानभूमी इथंच. रिक्षावाल्यानं पुलाअलीकडे सोडलं. “भ्या न्हाय वो,” तो म्हणाला, “पर परतीचं भाडं मिळत न्हाय.” संगमावर धुकं होतं, विश्वेश्वराच्या देवळाचा दगड ओला लागत होता. फेरीत जर कुठं तिकीट लावायचं झालं तर ते इथं लावावं, इतकी जागा चोख आहे.

थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथं नदीकाठी आहे. त्यांच्या आवडत्या कुत्र्याचीही आहे. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं म्हणतात, आणि त्याला पालखी आणि जहागीर दिल्याची हकीकत ग्रँट डफनं नोंदवली आहे. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला वारले. राणी सकवारबाई सती गेल्या.

या सती जाण्याबद्दल ग्रँट डफनं जे लिहिलंय ते मित्रानं तिथं पायरीवर बसून सांगितलं. डफ साताऱ्यात इंग्रजांचा पोलिटिकल एजंट होता, जुने कागद त्याच्या हाताखाली होते. पुस्तक १८२६ चं. तो म्हणतो, सकवारबाई पेशव्यांच्या विरोधात होत्या. आपला बेत झाकण्यासाठी त्या ‘मी सती जाणार’ म्हणत असत. महाराज गेल्यावर बाळाजी बाजीरावानं त्यांना जाहीर निरोप धाडला : कृपा करून सती जाऊ नका. निरोप असा धाडला, की आता माघार घेतली तर माहेरचं नाव बुडेल. भावाला जहागिरीचं आश्वासन दिलं. त्यानंच बहिणीला घराण्याच्या अब्रूची आठवण करून दिली. डफ परका, पेशव्यांवर त्याचा राग, हे धरून चालू. तरीही तो निरोप मला त्या रात्रीच्या कुठल्याही हडळीपेक्षा भयंकर वाटला.

शनिवारवाड्यात ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं, असं पुण्यात शेंबडं पोरही सांगतं. ३० ऑगस्ट १७७३ चा तो खून. आणि त्याबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. पुण्याच्या भुताची निदान फिर्याद घेतली गेली. सकवारबाई कुणाला दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. सतीची देवी होते, हडळ होत नाही. ती व्यवस्था फार चोख आहे.

वहिनी म्हणाल्या, “कुत्र्याची समाधी कुठली?” आम्ही टॉर्च मारून दाखवली.

* * *

सांगलीला पोचलो तो दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. भडंग घेतलं, गणपतीच्या देवळात जाऊन आलो, आणि दहा वाजता गणेशदुर्गाच्या तटाशी उभे राहिलो. पटवर्धनांचा हा किल्ला. आत राजवाडा, कचेऱ्या आणि तुरुंग. २४ जुलै १९४३ ला भरदिवसा वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार हा तुरुंग फोडून तटावरून उड्या मारून पळाले. मागून गोळ्या आल्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली, ते पकडले गेले, आणि पुढं राज्याचे मुख्यमंत्री झाले. सांगलीतही तोच अनुभव : इथं भूत नाही, नावं आहेत. जिथं नाव आहे तिथं भूत लागत नाही, असं आता मलाच म्हणावंसं वाटू लागलं होतं, पण मित्राच्या चेहऱ्यावर तेच वाक्य दिसलं म्हणून गप्प बसलो.

आयर्विन पुलावर वारा बोचरा. १९२९ चा हा पूल म्हणजे सांगलीची मोजपट्टी. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. रात्री नदीकाठी जाऊ नका, असं इथं कुणी आसरांच्या नावानं सांगत नाही. घाटावर भेटलेल्या एका मासेमारी करणाऱ्या गृहस्थानं सांगितलं, “मगरी हायत्या.” खऱ्याच आहेत, कृष्णेच्या या पट्ट्यात त्यांनी माणसं नेलेली आहेत. मगर आल्यापासून या घाटावरच्या बायकांचं, म्हणजे त्या दुसऱ्या बायकांचं, नाव निघत नाही म्हणाले.

मग हरिपूर. सांगलीपासून चालत तासाभराचा रस्ता, कडेला जुन्या चिंचा. पुढं कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वर. गोविंद बल्लाळ देवल या गावचे. त्यांचं ‘शारदा’ १८९९ चं : म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला काढलेली लहान मुलगी. रस्ताभर मला त्या नाटकाचा एक वेगळाच धागा आठवत होता. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन संस्कृतचा जाणकार, लोकसमजुती गोळा करणारा. गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन त्यानं भुताखेतांची, अंगात येण्याची, उताऱ्यांची माहिती जमवली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्या रात्री प्रयोग होता ‘शारदा’चा. त्याच्या मागं त्याची टिपणं एन्थोव्हेननं छापली. हडळ, जखीण, अलवंतीण यांच्या आपण आज वाचतो त्या बऱ्याचशा व्याख्या त्या मास्तरांच्या उत्तरांतून आल्या. प्रश्न होते : भूत कसं दिसतं, कुठं राहतं, कशानं जातं. जॅक्सन शेवटचा जो खेळ बघायला आला त्याची नायिका ती, जिचं लग्न ठरल्याप्रमाणं झालं असतं तर पुढं यांतलंच एखादं नाव तिला लागलं असतं.

हे मी बोलून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, “चौदाव्या वर्षी बाळंतपण म्हणजे कमरेची हाडं लहान, वाट अरुंद. दोन-तीन दिवस अडायची.” आणि पुढं चालू लागल्या.

हरिपुरात पेवं होती. जमिनीत खोदलेली, रांजणाच्या आकाराची, तोंड अरुंद आणि पोट मोठं. हळद त्यात वर्षानुवर्षं किडीवाचून राहायची. २००५ च्या पुरानं त्यांतली पुष्कळ गेली. मित्रानं जमिनीवर टॉर्च मारून इथं, इथं असं दाखवलं. दिसत काही नव्हतं. बंद पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. तोंड उघडं टाकून वाट बघायची. खाली गेलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला त्याच्यावर. दुसऱ्या कुठल्या गावात याचं भूत झालं असतं. हळदीच्या पेठेत ते परवडलं नसावं.

परतताना दीड वाजला होता. एका वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टरवर निळे-जांभळे दिवे, मोठमोठे कर्णे, गाणं दणदणत होतं. ड्रायव्हर पंचविशीतला, टायर बघायला उतरला होता. आम्हाला बघून त्यानं गाणं बंद केलं.

“काकू, हितं थांबू नगा. हितं एक बाई हाय.”

“तुम्ही पाहिलीय?” मित्रानं विचारलं.

“म्या न्हाय. म्हणून तर गाणं लावून जातोय. गाणं आसलं की येत न्हाई.”

“मेली कशी ती?” वहिनी.

पोरगा गोंधळला. त्याला असं कुणी विचारलं नसावं. “ते कुठं म्हाईत? माज्या आज्जीच्या टायमाची हाय.” मग जरा थांबून म्हणाला, “पोटुशी होती म्हणत्यात.”

वहिनींनी पिशवीतून उरलेले दोन पेढे काढून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते खिशात टाकले, चढला, गाणं पुन्हा लावलं आणि गाडी गियरमध्ये टाकली. ट्रॉली हळूहळू वळणाआड गेली. मागं लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. दहा पावलांवर ती अंधारात दिसेनाशी झाली आणि गाणं तेवढं ऐकू येत राहिलं.